योमोगी मोची खायला मुद्दाम लहान गावात जावं का?

सुमेधा_प

नमस्कार मंडळी. कामानिमित्त सध्या ओसाकात आहे. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-बाबा येणार आहेत. किल्ला, नारा, क्योतो हे सगळं ठरलंय. पण माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाईंनी एकदा त्यांच्या गावाकडून आणलेली योमोगी मोची (योमोगी नावाचा वासाचा रानपाला घालून कांडलेली चिकट तांदळाची मिठाई) दिली होती, ती डोक्यातून जात नाहीये. काळपट हिरवी, मऊ, आत अंको, म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण, आणि खाल्ल्यावर नाकात रेंगाळणारा कडसर वास. नंतर सुपरमार्केटमधून पाकीट आणलं, तर ते नुसतं गोड आणि चिकट निघालं.

तर प्रश्न असा: फक्त मोचीसाठी एखाद्या लहान गावातल्या दुकानात आई-बाबांना घेऊन जाण्यात अर्थ आहे का? की ओसाकातच चांगलं मिळेल? आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा ७४ वर्षांचे, कवळी आहे. जायचं तर कुठे, तेही सांगा.

पोटोबा

अर्थ आहे का असं विचारायचं नसतं ताई. निघायचं असतं. कधी निघताय तेवढं कळवा.

खादाडखाऊ

मी जरा उलटं बोलतो. ओसाकातल्या कुठल्याही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा. जपानभरातल्या नामवंत मिठायांची दुकानं एका मजल्यावर असतात, माल ताजा, सगळं चकाचक. नाहीतरी नाराला जाणारच आहात, तर तिथे सान्जो-दोरीवर नाकातानिदो आहे. उखळात हिरवी मोची कांडताना बघायची, किनाकोत, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात, घोळवलेली गरम गरम हातात घ्यायची आणि पुढे हरणांकडे चालू पडायचं. वयस्कर माणसांना घेऊन लोकल गाड्या बदलत एका मोचीसाठी खेड्यात कशाला जायचं?

नीलपक्षी

खादाडखाऊ, नाकातानिदोबद्दल पूर्ण सहमत, तिथली मोची खरोखर छान असते. पण तिथे गर्दीत उभ्याने खावी लागते. सुमेधाला जो वास आठवतोय तो निवांत बसून, चहाबरोबर घ्यायचा असतो.

सुमेधा, तू ओसाकात आहेस म्हणजे निम्मं काम झालंय. ओसाकातल्या आबेनोबाशी स्टेशनहून किन्तेत्सु रेल्वेच्या मिनामी-ओसाका मार्गावर ताइमादेरा नावाचं छोटं स्टेशन आहे. जुन्क्यू, म्हणजे निमजलद गाडी तिथे थांबते. क्यूको, म्हणजे जलद गाडी, थांबत नाही, तेवढं बघून चढा. गाडी बदलायचीही गरज नाही. स्टेशनच्या अगदी समोर चूजोदो होन्पो हे दुकान आहे आणि त्यांची चूजो-मोची म्हणजे योमोगी मोचीच.

आपण नेहमी बघतो तशी ही गोल, पोटात सारण भरलेली नसते. हिरव्या मोचीवर बारीक गाळलेली अंको बाहेरून बसवलेली असते आणि त्याला असा आकार दिलेला असतो की नग बोटाएवढा असूनही पिओनी फुलाची पाकळी वाटावी. आकार पिओनीचाच का, तर गावातल्या ताइमादेरा मंदिराच्या बागा या फुलांसाठी प्रसिद्ध आहेत. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत फुलतात, म्हणजे तुम्ही अगदी वेळेत जाल.

नाव चूजोहिमेवरून आलंय. आठव्या शतकातली सरदारकन्या, घर सोडून या मंदिरात संन्यासिनी झाली आणि कमळाच्या देठांतल्या धाग्यांनी एका रात्रीत अमिदा बुद्धाच्या स्वर्गाचा मोठा पट विणला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत वर्ष ७६३ सांगतात. तो ताइमा मंडल आजही मंदिराकडे आहे.

माझ्या मते जागा जाण्यासारखी आहे ती मोची आणि गाव अशी दोन्ही मिळून. स्टेशनपासून मंदिरापर्यंत साधारण पंधरा मिनिटं चालायचं, समोर निजो डोंगराची दोन शिखरं, वाटेत सुमोचं छोटं संग्रहालय. सुमोच्या दंतकथेतला पहिला पहिलवान ताइमा नो केहाया याच गावचा मानतात. मंदिरात पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन्ही प्राचीन पॅगोडे शाबूत आहेत, जपानात असं दुसरीकडे कुठेही नाही. आणि गर्दी जवळजवळ नसते.

पोटोबा

बाहेरून सारण! म्हणजे मोदक उलटा केला की झालं.

अनघा_नागोया

@पोटोबा, आकारापुरतं ठीक, पण उकडीशी तुलना मला पटत नाही. उकड साध्या तांदळाच्या पिठीची असते, तिचा तुकडा सहज तुटतो. मोची ताणली जाते, कारण ती मोचिगोमेची, म्हणजे चिकट तांदळाची. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळपास नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन. आपला आंबेमोहोर कितीही आसट शिजवला तरी ती लवचीकता येणार नाही. भारतात त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे आसामचा बोरा तांदूळ.

मी दर वसंतात घरी करते म्हणून थोडं सविस्तर सांगते. योमोगीचे फक्त कोवळे शेंडे घ्यायचे. उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पाला एक-दोन मिनिटं उकळायचा. सोड्याने कडवटपणा उतरतो, रेषा मऊ पडतात आणि हिरवा रंग टिकतो. मग गार पाण्यात बुडवून ठेवायचा, घट्ट पिळायचा आणि खाचांच्या मातीच्या खलात वाटायचा. तोपर्यंत भिजवलेला मोचिगोमे वाफवून तयार हवा. भात आणि पाला गरम असतानाच एकत्र कांडायचे. भात गार झाला की पाला नीट मिसळत नाही, हिरवे ठिपके राहतात.

खरी मोची कशी ओळखायची, तर तोडल्यावर तुटलेल्या कडेला पाल्याचे बारीक तंतू दिसले पाहिजेत. रंग मंद, काळपट हवा. पोपटी चकाकणारी दिसली तर पाकिटावरचे घटक वाचा, बहुतेक वेळा रंग घातलेला असतो.

वनस्पतीवेडा

रोचक धागा. योमोगी हे आर्टेमिसिया कुळातलं झाड. आपला दवणा, आर्टेमिसिया पॅलेन्स, त्याच कुळातला. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, तो हातात चुरडून ज्यांनी वास घेतलाय त्यांना योमोगीचा वास पूर्ण परका वाटणार नाही. दवणा जास्त गोडसर आणि अत्तरी, योमोगी जास्त कडू आणि रानटी. सुमेधा, आईंना आधी न सांगता मोची द्या आणि वास ओळखतात का बघा. मला फार उत्सुकता आहे.

एक गंभीर सूचना. जपानात नदीकाठी, रेल्वेलगत योमोगी भरपूर उगवते, म्हणून हौसेने तोडायला जाऊ नका. तोरिकाबुतो, म्हणजे बचनागाच्या कुळातली अतिविषारी वनस्पती, तिची कोवळी पानं योमोगीसारखी दिसतात आणि त्यातून विषबाधा झालेल्या आहेत. योमोगीच्या पानाखाली पांढरी मऊ लव असते आणि चुरडल्यावर वास लगेच येतो. तरी जाणकार सोबत असल्याशिवाय नकोच. शिवाय योमोगीच्या परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही मोची जपूनच खावी.

शशिकाका

जुन्या जमान्यातला टोकियोकर म्हणून लिहितो. आमच्याकडे पूर्वेला कात्सुशिकात शिबामाता आहे. केइसेइ रेल्वेच्या छोट्या कानामाची मार्गावर ताकासागोच्या पुढचंच स्टेशन. ताइशाकुतेन मंदिराकडे जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं आणि तिथली कुसादांगो, म्हणजे योमोगी घातलेले तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे. पूर्वी एदो नदीच्या काठावरची योमोगी त्यासाठी खुडत. दांगो मोचीसारखी ताणत नाही, कारण त्यात साध्या तांदळाचं पीठ असतं. आम्ही निशि-कासाइची मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी लेकरं घेऊन जायचो. मंदिर बघायचं, दांगो खायची, नदीच्या बांधावर बसायचं. टोकियोतच आहे, पण गावपण टिकून आहे.

माझं मत नीलपक्षीच्या बाजूने. मिठाई जिथली तिथे खावी.

खादाडखाऊ

काका, तुमचा आदर ठेवून विचारतो. "जिथली तिथे" यात भावनेपलीकडे काय आहे? तळघरातली मोचीही त्याच दिवशी सकाळी केलेली असते.

इबुकीचा_शेजारी

@खादाडखाऊ, याचं उत्तर मी द्यायचा प्रयत्न करतो. मी शिगात नागाहामाजवळ कारखान्यात नोकरी करतो. आमच्या गावात एक नवराबायको मिठाईचं दुकान चालवतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. नाव लिहीत नाही, त्यांना गर्दी झेपणार नाही.

जपानी मिठाईत एक प्रकार आहे, आसानामागाशी. सकाळी करायची आणि संध्याकाळच्या आत खायची. दाइफुकु (सारण भरलेली गोल मोची), दांगो, कुसामोची (योमोगी मोचीचंच दुसरं नाव) सगळे यातले. तांदळाचा स्टार्च गार होत गेला की पुन्हा घट्ट होऊ लागतो, संध्याकाळी मोची कडेने ताठ होते, दुसऱ्या दिवशी वातड. लांब पाठवायची मोची मऊ ठेवायची तर साखर वाढवावी लागते. साखर पाणी धरून ठेवते, मोची मऊ राहते, पण मग योमोगीचा कडूपणा गोडाखाली दबतो. सुमेधाताईंना पाकिटात जे लागलं ते नेमकं हेच असणार. त्यामुळे हा प्रश्न भावनेचा कमी आणि स्टार्चचा जास्त आहे. तळघरातली मोची सकाळची असेलही, पण ती संध्याकाळी उशिरापर्यंत विकायची असते, आणि ते बनवतानाच लक्षात घेतलेलं असतं.

आमच्या दुकानात आजी सकाळी सातला एकेक नग हाताने तोडतात. डाव्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून मोचीचा गोळा वर काढायचा, उजव्या हाताने पिळून तोडायचा, तळहातावर थापायचा, अंकोची गोळी ठेवायची आणि तळहात फिरवत कडा वर ओढून बंद करायच्या. वजनकाटा बाजूला असतो, पण मी त्यांना तो वापरताना पाहिलेलं नाही. गोळा हातात आला की अंगठ्याने चिमूटभर कमी-जास्त करतात, बस. मग लाकडी ट्रेमध्ये ओळीने मांडतात. दुपारी दीड-दोनला ट्रे रिकामा झाला की दारावरचा पडदा आत घेतात. त्यानंतर कितीही दार वाजवा.

मार्च ते मे नवा पाला असतो. बाकी वर्षभर उकडून गोठवलेला वापरतात, तोही वाईट नसतो. पण नव्या पाल्याची पहिली मोची ट्रेवर आली की गावातली माणसं एकमेकांना सांगतात.

या दुकानामागे चालवायला कोणी नाही. मुलगा ओसाकात नोकरीला आहे. अशी दुकानं जपानभर बंद होत आहेत. म्हणून मला मनापासून वाटतं की ज्यांना जमेल त्यांनी जावं, दोन नग विकत घ्यावेत, खाऊन "ओइशी", म्हणजे "चविष्ट", म्हणावं. त्या म्हाताऱ्यांना त्याचं फार असतं.

खादाडखाऊ

साखरेचा मुद्दा पटला. हा विचार केला नव्हता. तरी वयस्करांसाठी सोय हा मुद्दा मी सोडत नाही.

तळ्यातमळ्यात

अवांतर: ओकिनावात योमोगीला फूचिबा म्हणतात आणि ती सरळ भाजीसारखी खातात. सोबाच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, वाडग्यावर मूठभर कच्ची पानं, नाहीतर भातात शिजवून. तिथली जात कमी कडू असते. मला मोचीपेक्षा तो भात जास्त आवडला, पण त्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

वनस्पतीवेडा

@इबुकीचा_शेजारी, तुमचं सदस्यनाम बघून राहवत नाही. इबुकी डोंगर म्हणजे मोगुसाचं माहेर! योमोगीची पानं वाळवून, कुटून, चाळून पानाखालची ती पांढरी लव वेगळी काढतात, त्याला मोगुसा म्हणतात. त्याचे चिमुकले शंकू त्वचेवर ठेवून पेटवायचे, ही क्यू नावाची उपचारपद्धती.

इबुकीचा_शेजारी

अगदी बरोबर. १३७७ मीटरचा डोंगर आहे, खिडकीतून रोज दिसतो. पायथ्याशी नाकासेंदो या जुन्या मार्गावर काशिवाबारा हे मुक्कामाचं गाव आहे. एदो काळात तिथे मोगुसाची दुकानं ओळीने होती, वाटसरू पायांना लावायला घेऊन जात. गुडघे दुखणाऱ्यांना माझ्या शेजारच्या काकू अजूनही तेच सुचवतात.

पोटोबा

म्हणजे चालून पाय दुखले तर पाला लावायचा आणि भूक लागली तर तोच खायचा. प्रवासाची पूर्ण तयारी एका झुडपात!

डॉ_मीरा

मजा चालू द्या, पण सुमेधाने बाबांबद्दल जे लिहिलंय त्यावर अजून कोणी बोललेलं नाही. मोची घशात अडकून माणसं दगावतात, जपानात दर नववर्षाच्या सुमारास अशा घटना घडतात आणि त्यात बहुतेक वयस्कर असतात. टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी त्याबद्दल इशारा देतं.

बाबांना एरवी खाताना ठसका लागत असेल, पाणी पिताना खोकला येत असेल, तर मोची देऊ नका. तसं काही नसेल तर नखाएवढे तुकडे करायचे, आधी चहाचा घोट घेऊन तोंड ओलं करायचं, एका वेळी एकच तुकडा, पूर्ण चावून गिळायचा आणि त्या वेळी गप्पा बंद. कवळी सैल असेल तर मोची तिला उचलते, म्हणून कवळी घट्ट बसतेय ना हे इकडून निघण्याआधी दंतवैद्याकडे तपासून घ्या. दुकानात चाकू मागायला संकोच करू नका. आणि त्यांच्यासाठी मोचीऐवजी योकान घेता आलं तर उत्तम. अझुकी आणि कान्तेन, म्हणजे समुद्री शेवाळाचं अगर. ताणत नाही, चिकटत नाही.

सुमेधा_प

मीराताई, खूप आभार. ठसका वगैरे काही नाही, पण कवळीचं आजच बाबांना फोनवर सांगते. शाकाहाराचं कोणी सांगेल का?

अनघा_नागोया

सुमेधा, कुसामोची, दांगो, योकान, वाराबी-मोची यांत दूध, तूप, अंडं काही नसतं. तांदूळ, अझुकी, साखर, कधी किनाको. अंडं असतं ते दोरायाकी आणि कासुतेरा या केकसारख्या प्रकारांत. मांजू, म्हणजे सारण भरलेले बन, यांतल्या भाजलेल्या आवरणाच्या प्रकारातही असू शकतं. आईंना मोची निर्धास्त द्या. दुकानात "तामागो वा हाइत्ते इमास का" एवढं विचारलं की पुरे.

पैशांचं: लहान दुकानात रोख ठेवा, पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बांधून नेलं तर कर ८ टक्के आणि तिथे बसून खाल्लं तर १० टक्के. आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

शशिकाका

आणि सकाळी जा. मिठाईचं दुकान दुपारी चारला गाठणं म्हणजे लग्नाला वरात परतल्यावर पोचणं.

खादाडखाऊ

सुमेधाताई, मी नकाशा उघडून बघितला. दुकान स्टेशनसमोरच आहे आणि गाडी थेट आहे, तेव्हा माझा सोयीचा मुद्दा मी मागे घेतो. ओसाकात स्टेशनमधून तळघरापर्यंतच त्याहून जास्त चालावं लागतं. बाबांना मंदिरापर्यंत चालणं जड वाटलं तर मोची खाऊन तिथूनच परत फिरता येईल.

नीलपक्षी

मंदिर शक्य असेल तर चुकवू नका. तिथली कांस्याची घंटा सातव्या शतकातली आहे, जपानातल्या सर्वांत जुन्या घंटांपैकी. रस्ता चढणीचा आहे, पण फार नाही.

सुमेधा, एक सुचवते. पोचल्या पोचल्या आधी दुकानात बसा, प्रत्येकी एक ताटली आणि चहा घ्या. घरी न्यायचा डबा परतताना घेऊ म्हणून ठेवू नका, संपतो. तेव्हाच घ्या आणि मंदिरात सोबत न्या. सुट्टीचे दिवस आधी बघून घ्या, आणि एप्रिलच्या अगदी शेवटी जपानातल्या सलग सुट्ट्या सुरू होतात, त्याच्या आधीचा कामाचा वार निवडा.

सुमेधा_प

ठरलं! ताइमादेरा, २० एप्रिलनंतरचा पहिला मोकळा वार, सकाळी नऊच्या आत आबेनोबाशी. आईला दवण्याचं काही सांगणार नाही. ती कोल्हापूरची आहे, जोतिबाची वारी तिने लहानपणापासून केलीय, त्यामुळे वनस्पतीवेडा, तुमची परीक्षा चोख होणार. बाबांसाठी चाकू मागायचं वाक्य अनघाने लिहून द्यावं.

डबा घरी आणला आणि उरला तर काय करायचं?

अनघा_नागोया

"नाइफु ओ काशिते कुदासाइ."

उरला तर फ्रीजमध्ये अजिबात नको, तिथे मोची सगळ्यात लवकर कडक होते. त्याच रात्री एकेक नग प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाक. खाताना बाहेर काढून आपोआप मऊ होऊ दे. आत सारण असलेली साधी कुसामोची दुसऱ्या दिवशी ताठ झाली तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाज, वरून खरपूस आणि आत पुन्हा मऊ होते. चूजो-मोचीला मात्र अंको बाहेर आहे, ती तव्यावर करपेल. ती उरवूच नका.

बकुळा

उशिरा आले धाग्यावर. मी फुकुओकात असते. इकडे येणाऱ्यांसाठी: दाझाइफु मंदिराच्या रस्त्यावर उमेगाए-मोची मिळते, लोखंडी साच्यात भाजलेली, आत अंको. एरवी ती पांढरी असते, पण दर महिन्याच्या २५ तारखेला योमोगीची करतात. बाहेरून कुरकुरीत असल्यामुळे कवळीवाल्यांना चावायला जरा सोपी जाते, तरी मीराताईंचे नियम तिलाही लागू.

पोटोबा

२५ तारीख. नोंद केली.